कुपी आणि परिमळ

देह म्हणजे मातीचे मडके, खरे मोल आतल्या चैतन्याचे, हे आपण आजीच्या मांडीवर बसून ऐकलेले असते. कीर्तनकाराने ते रंगवून सांगितले, पाठ्यपुस्तकाने ते गिरवून घेतले आणि आपणही मान डोलावून ते मान्य केले. मात्र दिवाळी जवळ आली की भिंतींना रंग लागतो, पणत्यांवर गेरू चढतो, आणि शेजारी पाठवायची मिठाई कागदाच्या पुडीत न बांधता चकचकीत खोक्यात भरली जाते. आतल्या वस्तूइतकाच, क्वचित तिच्याहूनही अधिक, खर्च आपण वरच्या आवरणावर करतो. मग आपण सारे ढोंगी आहोत काय? की मडक्याच्या त्या उपदेशातच काही सांगायचे राहून गेले आहे?

या प्रश्नाचे उत्तर शोधायला वेदान्ताचा ग्रंथ उघडावा, हे खरे. पण सणाच्या दिवसांत त्यापेक्षा सुगंधाची कुपी उघडलेली बरी. आणि तीही फ्रान्समधली. सुगंध ही सर्वांत अशरीरी वस्तू. ती डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागत नाही आणि धरून ठेवू म्हटले तर हा हा म्हणता उडून जाते. तिला देह द्यायचा तो कुपीनेच. तो देह नटवण्यात फ्रेंचांनी जी बुद्धी आणि जो पैसा ओतला, त्याला जगाच्या व्यापारात तोड सापडणे कठीण. म्हणून देह आणि आत्मा यांचा हा जुना वाद त्यांच्या दुकानात जेवढा स्पष्ट दिसतो, तेवढा मठातही दिसत नसेल.

या कहाणीचा उगम मात्र सुगंधात नाही, दुर्गंधात आहे. दक्षिण फ्रान्समध्ये समुद्रापासून थोड्या अंतरावर, डोंगराच्या उतारावर ग्रास नावाचे गाव आहे. हे गाव मूळचे कातडी कमावणाऱ्यांचे. सोळाव्या शतकात इटलीकडून फ्रान्समध्ये सुगंधी हातमोज्यांची आवड आली. कमावलेल्या कातड्याचा वास उमरावांच्या नाजूक नाकांना सोसवेना, म्हणून ग्रासचे कारागीर हातमोजे फुलांच्या वासात मुरवू लागले. पुढे कातड्याचा धंदा बसला आणि जे त्याचा दोष झाकायला आणले होते, तेच गावाचे वैभव होऊन बसले. २०१८ साली युनेस्कोने ग्रास परिसरातील सुगंधविद्येचा मानवजातीच्या अमूर्त वारशात समावेश केला. म्हणजे आज जगाच्या वारशात मिरवणाऱ्या या कलेचा जन्म, स्पष्ट बोलायचे तर, झाकपाक करण्यासाठी झाला. जन्मावरून कोणाची पारख करू नये, असे म्हणतात ते याचसाठी असेल!

त्या गावाने फुलांकडून सुगंध काढून घेण्याची एक रीत शोधली होती, ती मोठी हृद्य आहे. लाकडी चौकटीत बसवलेल्या काचेवर शुद्ध केलेल्या चरबीचा थर द्यायचा आणि त्यावर चमेलीची ताजी फुले एकेक करून पसरायची. दुसऱ्या दिवशी ती उचलून नवी फुले मांडायची. असे कित्येक दिवस चालले की चरबी सुगंधाने ओथंबते. मग मद्यार्काने धुऊन तिच्यातून अर्क काढायचा. चमेलीचे वैशिष्ट्य असे, की वेलीवरून खुडल्यानंतरही ती पुष्कळ वेळ परिमळ देत राहते. जे तोडून आणले, तेच रात्रभर देत असते. देण्याचा याहून मोठा आदर्श कोणत्या नीतिपाठात सापडेल? पुढे रासायनिक द्रावकांनी हे काम झटपट होऊ लागले आणि ही पद्धत जवळजवळ मागे पडली. पण सुगंधाच्या व्यापाराचा पाया किती हातांच्या किती संथ कष्टांवर उभा आहे, हे त्या चौकटींकडे पाहून कळते.

आता कुपीकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत फ्रान्समध्ये सामान्यतः रिवाज असा होता, की सुगंधद्रव्य साध्या, औषधाच्या शिशीसारख्या बाटलीत विकत घ्यायचे आणि घरी आणून आपल्या शृंगारमेजावरच्या नक्षीदार कुपीत ओतायचे. ती कुपी चांदीची, चिनीमातीची, नाहीतर बाकारासारख्या, १७६४ साली निघालेल्या, नामांकित कारखान्याच्या स्फटिककाचेची असे. तीत आज एक सुगंध, उद्या दुसरा. आपल्याकडची अत्तरदाणी आणि गुलाबदाणी आठवा. अत्तर अत्तराच्या दुकानातून यायचे, पण दाणी घरची. ती आजेसासूकडून सासूकडे आणि सासूकडून सुनेकडे आलेली असायची. लग्नाच्या मांडवात फाया हाती देताना दाणीच्या नक्षीकडे पाहून पाहुणे घराण्याची पारख करत. आतल्या अत्तराची पारख त्यांचे नाक करी. दोन्ही गोष्टींचे हिशेब वेगळे होते, आणि म्हणून त्यांत फसवणूक नव्हती.

याला राजेशाही अपवाद होते. गेर्लां या १८२८ साली स्थापन झालेल्या पॅरिसच्या पेढीने १८५३ साली सम्राज्ञी युजेनीसाठी एक कलोन सिद्ध केले आणि त्याची बाटलीही खास घडवून घेतली. तिच्यावर सम्राटाचे चिन्ह असलेल्या मधमाश्या उठवल्या होत्या, मोजून एकोणसत्तर. ती बाटली आजही बनते, आणि रिकामी झाली की पुन्हा भरून मिळते. मात्र जी गोष्ट सम्राज्ञीच्या मेजावर शोभली, ती दुकानदाराच्या कारकुनिणीच्या मेजावर आणली कोणी?

ते काम फ्रांस्वा कोती या माणसाने केले. हा १८७४ साली कॉर्सिकात जन्मला, ग्रासमध्ये सुगंधविद्या शिकला आणि १९०४ साली आपले गुलाबाचे सुगंधद्रव्य घेऊन पॅरिसच्या दुकानांचे उंबरठे झिजवू लागला. एका मोठ्या दुकानाने नकार दिला तेव्हा त्याच्या हातून बाटली फरशीवर फुटली, वास दरवळला आणि बायकांची झुंबड उडाली, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा रचलेली. तिच्यातला विनोद असा, की बाटली फुटली तेव्हा सुगंधाचे नशीब उघडले! पण कोतीने यातून धडा घेतला तो नेमका उलटा. सुगंध आधी डोळ्यांना विकला पाहिजे, मग नाकाला, हे त्याने ओळखले. त्याच्या दुकानाच्या शेजारी रने लालीक नावाचा विख्यात जवाहिऱ्या होता. १९०७-०८ च्या सुमारास कोतीने त्याला गाठले आणि कुप्या घडवण्याची गळ घातली. लालीकने काचेच्या साच्यांचे तंत्र वापरून फुले, पाने, चतुर आणि वस्त्रे उडवणाऱ्या अप्सरा काचेवर उमटवल्या. साचा एकदा कोरला की त्यातून हजारो कुप्या निघत. जवाहिऱ्याची कला प्रथमच सामान्य स्त्रीच्या पर्समध्ये जाऊन बसली.

यात काय बदलले ते नीट पाहिले पाहिजे. पूर्वी कुपी घरची होती आणि सुगंध बाजारचा. आता दोन्ही बाजारची झाली. पूर्वी कुपी सांगे ते घराण्याविषयी. आता ती आतल्या मालाविषयी बोलू लागली, आणि बोलविता धनी होता विक्रेता. नैतिक प्रश्न इथे जन्माला येतो.

विरागी वृत्तीचा वाचक म्हणेल, यात प्रश्न कसला? सुगंध हे सार, कुपी हे टरफल. टरफलाला किंमत देणारा मूर्ख आणि घेणारा लबाड. त्याच्या बाजूने पुरावाही भक्कम आहे. गेर्लांची दोन प्रसिद्ध सुगंधद्रव्ये, एक १९१२ चे आणि दुसरे १९१९ चे, एकाच घडणीच्या कुपीत विकली गेली. एकात सायंकाळची हळवी फुले, दुसऱ्यात पीच आणि जंगलातले शेवाळ. वर मात्र तेच काचेचे शिल्प. मग कुपी आतल्या वस्तूविषयी काय सांगते? काहीच नाही!

याच पेढीच्या 'शालिमार'ची कथा तर आपल्या जवळची. १९२५ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात हा सुगंध गाजला. बाकाराची कारंज्याच्या कुंडासारखी कुपी, तिच्यावर पंख्याच्या आकाराचे निळे बूच आणि सोबत शाहजहान-मुमताज यांच्या प्रेमाची गोष्ट. आता इतिहास पाहा. काश्मीरचा शालिमार बाग जहांगिराने करवला. लाहोरचा शाहजहानचा खरा. पण त्याचे काम सुरू झाले १६४१ साली, आणि मुमताज तर १६३१ सालीच आपल्या खानदेशाच्या सीमेवरच्या बुऱ्हाणपुरात मरण पावली होती. त्या सुगंधाचा प्राण जी व्हॅनिलाची ऊब, तीही मोठ्या अंशी प्रयोगशाळेत तयार केलेल्या द्रव्याची. म्हणजे काच ही एक कुपी, नाव ही दुसरी आणि गोष्ट ही तिसरी!

इतके सगळे मान्य करूनही मला विरागी वाचकाचा निकाल पटत नाही. सुगंधाला शब्द नाहीत. तांबडा, निळा, गोड, कडू असे स्वतःचे शब्द रंगांना आणि चवींना आहेत. वासाचे वर्णन करताना आपण 'गुलाबासारखा', 'ओल्या मातीसारखा' असे दुसऱ्याचा हात धरूनच चालतो. अशा मुक्या वस्तूला कोणीतरी रूप द्यावे, नाव द्यावे, हे पाप कसे? देवाला रूप नाही असे म्हणणाऱ्यांनीच मूर्ती घडवल्या, आणि कोरीव मूर्तीपुढे डोळे मिटणाऱ्याला आपण ढोंगी म्हणत नाही. सुंदर आवरण हे एक वचन असते. आत जे आहे ते या काळजीला योग्य आहे, असे ते सांगते. वचन देणे हा गुन्हा नव्हे. ते पाळले गेले की नाही, एवढाच प्रश्न असतो; आणि त्याचा निवाडा बूच काढल्यावर नाकाने करायचा असतो.

काहींना वाटेल, मग साधी कुपीच का घेऊ नये? नटणे नाही, मुरडणे नाही. वचनही नाही आणि वचनभंगही नाही. हा विचार फ्रान्समध्ये होऊन गेला. १९२१ साली गाब्रिएल शनेल या वस्त्रकलावतीने एर्नेस्ट बो या सुगंधकाराकडून 'शनेल नंबर ५' करवून घेतले. बाटली साधी, चौकोनी. कागदी चिठ्ठी पांढरी, अक्षरे काळी. नावाच्या जागी केवळ आकडा. लालीकच्या अप्सरांपुढे ही बाटली म्हणजे जणू संन्यासिनी! पण व्यापारात वैराग्यालाही भाव येतो. तो साधेपणाच हळूहळू जगातला सर्वांत ओळखीचा अलंकार झाला.

आणि त्या साधेपणामागचे मन? १९२४ साली सुगंधाच्या व्यापारासाठी वेगळी कंपनी निघाली, तीत शनेलबाईंचा वाटा दहा टक्के आणि व्हर्टहायमर या ज्यू बंधूंचा सत्तर टक्के होता. बाईंना तो वाटा कायम अपुरा वाटला. १९४१ साली फ्रान्स जर्मनांच्या टाचेखाली असताना, ज्यूंची मालमत्ता काढून घेण्याच्या कायद्याचा आधार घेऊन, त्यांनी ती कंपनी आपल्या हवाली करावी अशी मागणी अधिकाऱ्यांकडे केली. ती फसली, कारण बंधूंनी आधीच ती एका ख्रिस्ती गृहस्थाच्या नावावर करून ठेवली होती. दुसरीकडे अलंकृत कुप्यांचा जनक कोती. त्याने १९२८ साली स्वस्तातले वर्तमानपत्र काढून त्यातून ज्यूद्वेषाचे विष पेरले आणि १९३३ साली फॅसिस्ट धर्तीच्या संघटनेला पैसा पुरवला. एकाची कुपी नटलेली, एकीची साधी; द्वेषाच्या परीक्षेत दोघेही सारखेच नापास. साध्या वेषावरून साधे मन ओळखता येत नाही आणि भरजरी वेषावरून पोकळ मन ओळखता येत नाही, हे आपल्याला कादंबऱ्यांतून कळते. ते या दोन बाटल्यांवरूनही कळावे.

तेव्हा आवरण नटलेले की साधे, हा प्रश्नच गौण आहे. आवरणाचा खरा दोष निराळा आहे. त्याच्या तेजाने आपले डोळे इतके दिपतात, की आत काय आहे आणि ते कोणी आणले, हे विचारायचे आपण सोडून देतो.

१९२९ साली अमेरिकेत शेअर बाजार कोसळला, लक्षाधीश रस्त्यावर आले. त्यानंतरच्याच वर्षी, १९३० साली, जाँ पातू या पॅरिसच्या वस्त्रकाराने 'जॉय', म्हणजे आनंद, नावाचे सुगंधद्रव्य काढले आणि जगातले सर्वांत महाग म्हणून त्याचा डंका पिटला. त्याच्या तीस ग्रॅमच्या आसपासच्या एका औंसात चमेलीची १०,६०० फुले आणि गुलाबांचे २८ डझन असतात, असे ही पेढी अभिमानाने सांगे. महागडेपणाचा हा हिशेब ऐकून श्रीमंत सुखावले. पण कोणी असेही विचारायला हवे होते, की दहा हजार सहाशे फुले म्हणजे दहा हजार सहाशे वेळा वाकलेली बोटे, ती कोणाची?

चमेली पहाटेपूर्वी खुडावी लागते. ऊन चढले की तिचा गंध उतरतो. साधारण आठ-दहा हजार फुले वेचावी तेव्हा एक किलो भरते, आणि शुद्ध अर्काच्या एका किलोसाठी अशी शेकडो किलो फुले लागतात. ग्रासची शेते आता थोडी उरली. जगाची बहुतेक चमेली इजिप्तमधून आणि आपल्या तमिळनाडूतून जाते. २०२४ साली बीबीसीच्या शोधवृत्तात इजिप्तच्या चमेलीच्या मळ्यांत पंधरा वर्षांखालची मुले रात्री फुले खुडताना दिसली. मुलाबाळांसह राबणाऱ्या एका कुटुंबाच्या हाती रात्रभराच्या कष्टाचे सुमारे दीड डॉलर पडले होते. ज्या वेळी मुलांनी अंथरुणात असावे, त्या वेळी ती वेलींत असतात. आणि सकाळी वर्गात त्यांचे डोळे मिटत असतील, तर फळ्यावरचे अक्षर त्यांना कोण शिकवणार? ज्याने आयुष्य मुलांना शिकवण्यात घालवले, त्याला त्या फुलांच्या वजनात या झोपेचेही वजन जाणवल्यावाचून राहत नाही.

कायद्याचाही डोळा कुपीवरच खिळलेला असतो, हे पाहून मला अधिक विस्मय वाटला. सुगंध रचणाऱ्या एका कारागीर स्त्रीने आपल्या निर्मितीवर लेखकासारखा हक्क सांगितला, तेव्हा २००६ च्या जून महिन्यात फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की सुगंध हे कौशल्याचे काम आहे. कथा-कवितेसारखी संरक्षण मिळणारी कलाकृती नव्हे. त्याच आठवड्यात हॉलंडच्या सर्वोच्च न्यायालयाने नेमका उलटा निर्णय दिला, ही गंमत सोडा. फ्रान्समध्ये कुपीच्या आकारावर कलाकाराचा हक्क सांगता येतो, नावाची नोंदणी होते. आतल्या परिमळाचा मात्र कोणी कर्ता नाही! आत्म्याविषयी आपले ऋषी जे म्हणत, ते न्यायमूर्तींनी इतक्या वेगळ्या अर्थाने सिद्ध करावे ना?

या सगळ्या कहाणीत दोन लहानशा गोष्टी मला सर्वांत बोलक्या वाटतात. पहिली ही, की पॅरिसच्या दुकानांच्या खिडकीत ज्या भल्या थोरल्या कुप्या मांडलेल्या दिसतात, त्यांत सुगंध नसतो. रंगीत पाणी असते. दुकानातला नोकर ते लपवतही नाही. आज लोक अशा पोकळ बाटल्याही हौसेने जमवतात. दुसरी गोष्ट रसायनशास्त्राची. उजेड, ऊब आणि हवा हे सुगंधाचे तीन वैरी. पारदर्शक काचेची सुरेख कुपी खिडकीत ठेवली, की जितकी ती झळकते, तितका आतला परिमळ नासत जातो. म्हणजे जिथे कुपी सर्वांत जास्त दिसते, तिथे सुगंध सर्वांत लवकर मरतो. मिरवायचे असेल तर रंगीत पाणी पुरे; खरा सुगंध हवा असेल तर तो अंधाऱ्या कपाटातच ठेवला पाहिजे.

पण कपाटातही तो अमर नाही. 'खास दिवसासाठी' म्हणून जपलेल्या सेंटच्या बाटलीचे काय होते, हे पुष्कळ गृहिणींना ठाऊक असेल. वर्षे जातात, लग्ने होतात, मुले मोठी होतात. आणि एके दिवशी बूच काढावे तो आत आंबूस वासाचा काळपट थेंब. मिरवल्याने जो गेला असता, तो जपल्यानेही गेला. सुगंध टिकतो तो एकाच ठिकाणी: ज्याला लावला त्याच्या अंगावर काही तास, आणि ज्याने हुंगला त्याच्या आठवणीत कित्येक वर्षे.

म्हणून मला वाटते, मडक्याच्या त्या जुन्या उपदेशाला एक पुस्ती जोडावी. मडके तुच्छ नाही. त्यावर जरूर नक्षी काढावी. सुंदर वस्तू सुंदर पात्रातून देणे हा घेणाऱ्याचा मान आहे. मात्र नक्षी पाहून झाली की झाकण उघडावे, आत काय आहे ते पाहावे, आणि ते तिथवर आणणारे हात कोणाचे, हे एकदा तरी विचारावे. हा विचार जो करतो, त्याच्या हाती कुपी शोभते. जो करीत नाही, त्याच्या मेजावरच्या लालीकच्या कुपीत आणि दुकानाच्या खिडकीतल्या रंगीत पाण्यात फारसा फरक उरत नाही.

या दिवाळीत अभ्यंगस्नानानंतर घरात सुगंधाची बाटली निघेल. कोणाकडे फ्रान्सची, कोणाकडे कनौजची, कोणाकडे गल्लीच्या कोपऱ्यावरची. ती कपाटात परत ठेवण्यापूर्वी घरातल्या सर्वांच्या मनगटाला एकेक बोट लावावे, आणि दाराशी आलेल्या, आपल्याकडे काम करणाऱ्या माणसाच्याही. कुपी त्यामुळे लवकर रिकामी होईल. पण चमेलीनेही तेच केले होते. तोडल्यावरही देतच राहिली होती.